सहासष्टच्या चालीचे चाचा

जुनी आणि नवी मेमरी एकाच मशिनमध्ये बसवू नये, असं आता माझा भाचासुद्धा मला ऐकवतो. ऐकवू दे बापडा. त्याने ते पुस्तकात वाचलंय. मी तसल्या मशिनवर बसून घर चालवलंय. आमच्या चाचांनी प्रत्येकात एक जुनी आणि एक नवी पट्टी घालून तीन मशिनं उभी केली, आणि तिसऱ्यावर मी बसले. कुणाला पटो न पटो, मशिन चाललं.

चाचा काही नात्याचे नव्हेत. शिरवण्याच्या अलीकडे, इंडस्ट्रियल पट्ट्यात, पुठ्ठ्याचे खोके बनवणारी एक कंपनी होती. तिथे आम्ही दोघं कामाला. मी ऑफिसात टायपिस्ट, ते कॉम्प्युटर विभागाचे इन्चार्ज. विभाग म्हणजे एक काचेची केबिन, तीन मशिनं, एक प्रिंटर आणि चाचा. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. घरी त्यांची कोकणी चालायची, आमच्याशी मुंबईची मराठी, आणि रागावले की दोन्ही बंद करून नुसते बघत राहायचे. त्या बघण्याला भलेभले टरकायचे.

अख्ख्या कंपनीत एसी त्या एका केबिनला. तोही माणसांसाठी नव्हे, मशिनांसाठी. मे महिन्यात पॅकिंगच्या बायका काही ना काही निमित्त काढून आत शिरायच्या. दुसऱ्या कुणी त्यांना हाकललं असतं. चाचा हाकलायचे नाहीत, पण फुकट उभंही राहू द्यायचे नाहीत. "थंड हवा पायजे? बसा. एक ओळ टाइप करा, मग घाम पुसा." मग कुणी ए-बी-सी-डी ठोकायची, कुणी इंग्रजी अक्षरांत आपलं नाव शोधत बसायची. एकीने सासूचं नाव लिहिलं, मग एकेक अक्षर करून ते खोडलं आणि म्हणाली, "चाचा, हे बरंय ओ." चाचा गंभीरपणे म्हणाले, "सेव्ह नका करू फक्त."

मशिनचं झाकण त्यांनी कधी लावलेलं मी पाहिलं नाही. तिन्ही डबे कायम उघडे, आतल्या वायरी आतड्यांसारख्या दिसायच्या. स्क्रू सगळे एका चुन्याच्या डबीत. मी विचारलं तर म्हणाले, "झाकलं की माणूस विसरतो आत काय हाय ते." बरं, त्या उघड्या डब्यात हात घालायच्या आधी त्यांचा एक विधी असायचा. केबिनमधून निघायचं, बाहेरच्या बेसिनपाशी जायचं, नळाचा लोखंडी पाइप मुठीत धरायचा, आणि मग ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून, कशाला म्हणून न शिवता परत यायचं. वाटेत कुणी फाइल पुढे केली तरी घ्यायचे नाहीत. अंगातली वीज उतरवायची असते म्हणे, नाहीतर ती बोटातून मेमरीत जाते आणि मेमरी मरते. आमच्या अकाउंट्सवाल्याला वाटायचं, हा नमाजाच्या आधीचा हात धुण्याचा प्रकार असेल. त्याने एकदा अदबीने विचारलंसुद्धा, "चाचा, आत्ता कुठली वेळ?" चाचा म्हणाले, "ही मशिनची. माझी दुपारी."

आता मूळ भानगडीकडे येते. मुंबईच्या हेड ऑफिसातून एक नवे मॅनेजर आले. आल्या आल्या त्यांनी ठरवलं, बिलं आणि गेटपास यापुढे टाइपरायटरवर होणार नाहीत, सगळं नव्या सॉफ्टवेअरवर होणार. त्यासाठी दोन मुली घेतल्या. दोघी कॉम्प्युटर क्लास करून आलेल्या, बोटं अशी चालायची की बघत राहावं. एक करावे गावातली, घरचा मासळीचा धंदा, जिभेला धार. दुसरी कामोठ्याची, ती गप्प. आम्ही त्यांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. आणि माझं काय करायचं? ते साहेब मला कधी सांगायचे नाहीत. माझ्यादेखत दुसऱ्यांना सांगायचे, "टाइपरायटरवाल्यांचं नंतर बघू." टाइपरायटरवाली मी एकटीच होते. बघू म्हणजे काय ते काय मला कळत नव्हतं?

माझ्या नवऱ्याच्या कंपनीला तेव्हा टाळं लागलेलं. नेरूळच्या घरात खाणारी चार तोंडं आणि पगार एक, माझा. ही नोकरी गेली असती तर दुसरी कुणी दिली नसती, कारण टायपिस्ट कुणाला नकोच होते तेव्हा. त्यामुळे मला ते तिसरं मशिन पाहिजे होतं. स्पष्ट सांगते, मला कॉम्प्युटरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला खुर्ची पाहिजे होती.

मी चाचांना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "एसीचं भाडं भरा."

शिकताना माझी काय फजिती झाली विचारू नका. इतकी वर्षं लोखंडी बटणं हाणलेली, त्यामुळे मी कीबोर्डवर बसले की टेबल हलायचं. "बाई, सावकाश. हे दार नाय, उघडंच हाय," चाचा म्हणायचे. पण खरा घोळ वेगळाच होता. आमच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर एक हा आकडाच नसायचा. एकच्या जागी आम्ही सगळे धाकटी एल मारायचो, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शून्याच्या जागी मोठा ओ. सगळ्या टायपिस्टांचा हात तसाच वळलेला. मी बिलात अकरा खोके लिहायला गेले की दोन एल पडायचे, आणि मशिन म्हणायचं, ही संख्याच नाही. कामोठ्याची तोंडावर हात धरून हसायची. साहेबांनी काचेतून एकदा पाहिलं आणि अकाउंट्सवाल्याला म्हणाले, "एक ते दहासुद्धा येत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कपाळाची टिकली द्या." मी म्हटलं, काय? "द्या हो, दुसरी लावा उद्या." माझी टिकली त्यांनी एलच्या बटणावर चिकटवली. बोट तिथे गेलं की टिकली लागायची आणि मला आठवायचं, इथे नाही, वर. आठवड्याभरात हात सुधारला. टिकली तशीच राहिली, आणि माझा वेग वाढला तरी त्या पोरींच्या निम्म्यावरच राहिला. तेही मी लपवलं नाही कधी.

मग कंपनीला मशिनांचा माल विकणारा व्हेंडर आला. नवं सॉफ्टवेअर जड होतं, मशिनांची मेमरी अपुरी पडत होती. म्हणून कंपनीने त्याच्याकडून चार नव्या पट्ट्या घेतल्या. मशिनमध्ये मेमरीच्या जागा दोनच. व्हेंडरचा हिशेब सोपा: दोन मशिनांतल्या जुन्या पट्ट्या काढा, दोन-दोन नव्या घाला. तिसरं मशिन स्टोअरमध्ये. जुन्या पट्ट्या लहान होत्या, नुसत्या जुन्यांवर सॉफ्टवेअर उठत नव्हतं. साहेबांना हा हिशेब फार आवडला. दोन मशिनं, दोन मुली. तिसरं मशिन स्टोअरमध्ये म्हणजे तिसरी कुठे, हे बोलायची गरजच नव्हती.

चाचा म्हणाले, "एकेक नवी, एकेक जुनी घाला. तिन्ही उठतील, वर एक नवी शिल्लक."

व्हेंडर हसला. "चाचा, पुराना माल छासठ का है, नया सौ का. मिक्स करोगे तो लोचा होगा."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जुनी मेमरी सहासष्टच्या चालीची, नवी शंभरच्या. दोघी एका मशिनमध्ये बसल्या की दोघींना एकच चाल धरावी लागते. पण चाचा भडकलेले. साहेबांपुढे त्या माणसाने हसावं, हे त्यांना झोंबलं. त्या दुपारी त्यांनी नळाला हात लावला, पट्ट्या बदलल्या, तिन्ही मशिनं उठली. चाचांनी मिशीवरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायचं ठरलं आणि चाचा म्हणाले, दाखवायचं तर बाईंच्या मशिनवर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब मागे उभे, व्हेंडर दाराशी, गेटवर माल भरलेला एक ट्रक बिलासाठी थांबलेला. मी टिकली सांभाळत आकडे टाकतेय. अर्धं बिल झालं आणि सगळा पडदा निळा. वर पांढरी इंग्रजी अक्षरं. मशिन पडलं.

"बाईंनी काहीतरी दाबलं," साहेब म्हणाले. मला नाही, हवेला. "मी म्हणत होतो. टाइपरायटरवाल्यांचा हा विषय नाही."

मला स्वतःलाच खात्री नव्हती. चुकून एल पडला असेल का? पण चाचा पुढे झाले आणि सगळ्यांसमोर, व्हेंडरसमोरसुद्धा, म्हणाले, "बाईंनी बरोबर दाबलं. चूक माझी हाय. मी घाई केली." चाचांना चूक कबूल करताना कुणी पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, चूक कुणाची का असेना, शनिवारी दोन मशिनं ठेवून तिसरं स्टोअरला. आणि गेले.

चाचांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. मशिनच्या मुख्य बोर्डाबरोबर आलेली एक चोपडी असते, बारीक अक्षराची, कुणी वाचत नाही. ती ते बोट ठेवून वाचत बसले. मग उठले, नळाला हात लावून आले आणि मला बोलावलं. "बाई, हे बघा." बोर्डावर छोट्या छोट्या काट्यांवर बसवलेल्या काळ्या टोप्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या टोप्या हलवल्या की मशिनची चाल बदलते. व्हेंडरने नव्या मेमरीसाठी त्या आधीच शंभरवर करून ठेवलेल्या, आणि चाचांनी ते बघितलंच नव्हतं. "जुनीला शंभरानं पळवत होतो," ते म्हणाले. "थोडं पळाली, मग पडली. पडणारच." त्यांनी टोप्या सहासष्टवर आणल्या. "आता नवीनं सावकाश चालायचं. तिला काय, ती चालते. जलद चालणाऱ्याला सावकाश चालता येतं, बाई. उलटं होत नाय."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्यासारखंच. मी जुनी, पोरी नव्या."

मला वाटलं, खूश होतील. पण त्यांनी माझ्याकडे ते त्यांचं बघणं बघितलं. "असलं बोलू नका. पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकली तर ती काय जेवायला मागत नाय. तुमी माणूस हाय. माणसाची आन मेमरीची गोष्ट एक करणारा तो साहेब, तुमी नका करू." मला ते तेव्हा लागलं, आणि नंतर पुष्कळ वर्षं उपयोगी पडलं.

सहासष्टच्या चालीवर मशिन दिवसभर पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांना बातमी कळली तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. केबिनमध्ये येऊन म्हणाले, "म्हणजे शंभरच्या मेमरीचे पैसे देऊन तुम्ही ती सहासष्टवर आणली? तिन्ही मशिनं स्लो केलीत?"

"व्हय."

"एका माणसासाठी?"

"साहेब, मेमरी जागेसाठी घेतली. जागा मिळाली. पळायचं कुठे हाय आपल्याला?" चाचांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं. तो आमचा डॉट मॅट्रिक्स, घासलेट संपत आलेल्या स्टोव्हसारखा फुरफुरत एकेक ओळ काढत होता. तिन्ही मशिनांना मिळून तो एक. "करावेवाली बिल टाकते चटाचट, मग बसते या महाराजांची वाट बघत. बाई सावकाश टाकतात, तोवर हा रिकामा होतो. गाडी गेटातून सुटते एकाच टायमाला. घोडं इथे पेंड खातंय, तुमी मेमरीला चाबूक मारताय."

करावेची खुदकन हसली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं तशी म्हणाली, "खरा हाय साहेब. मी नखं खात बसतंय नुसती."

साहेब केबिनबाहेर पडले. शनिवार गेला, तिसरं मशिन जागेवरच राहिलं. चाचांनी माझ्याकडून नेलपॉलिश मागून घेतलं. लाल होतं, मी हळदीकुंकवाला आणलेलं. तिन्ही बोर्डांवरच्या त्या टोप्यांवर त्यांनी एकेक थेंब सोडला, म्हणजे कुणी हलवलं तर पॉलिश तडकेल आणि कळेल. "आता पळवा म्हणावं," म्हणाले.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. पुढच्या महिन्यात चाचांच्या पुतणीचं लग्न निघालं, ते चार दिवस गावाला गेले, आणि नेमका त्यातल्या दुसऱ्या दिवशी व्हेंडर हजर. बरोबर साहेबांचा निरोप घेऊन अकाउंट्सवाला. तिन्ही मशिनं बंद करा, जुन्या पट्ट्या काढायच्या आहेत, तिसरं स्टोअरला न्यायचंय. अकाउंट्सवाला माझ्या नजरेला नजर देत नव्हता. "बाई, जरा उठता का?" म्हणाला.

मी उठले नाही. काय सांगू, तोंड आपोआप चालू झालं. म्हटलं, "बिल चालू आहे. चालू मशिनमध्ये हात घालायचा नसतो. हवं तर या व्हेंडरलाच विचारा." व्हेंडर म्हणाला, "शटडाऊन करो ना मॅडम." मी म्हटलं, "बिल संपलं की." आणि बिल संपलं की दुसरं घेतलं. ते संपलं की तिसरं. लोक मला सावकाश म्हणायचे ना? त्या दिवशी मी माझ्या सावकाशपणाचं सोनं केलं. एकेक आकडा असा टाकला की जणू रांगोळीचे ठिपके.

व्हेंडर करावेच्या मशिनकडे वळला. तिने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "माजा पन बिल चालू हाय." मग तो कामोठ्याचीकडे गेला. ती जन्माची गप्प पोरगी. तिने काहीच सांगितलं नाही, टेबलावरचा सगळा गठ्ठा उचलला आणि स्वतःपुढे ओढून घेतला. तिला त्यात काय मिळणार होतं? काही नाही. तिची खुर्ची पक्की होती. मला तेव्हा असं भरून आलं की एल कुठे आणि एक कुठे, काही दिसेना.

संध्याकाळी व्हेंडर कंटाळून निघून गेला. आम्ही अर्धी बिलं पडद्यावर तशीच सोडून, मशिनं चालूच ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

चाचा परतले ते डब्यात लग्नातली मिठाई घेऊन. आम्ही तिघींनी एकदम बोलायला सुरुवात केली. सगळं ऐकून ते पहिलं काय बोलले असतील? "रात्रभर मशिनं चालू ठेवली? आन एसी बंद?" त्यांनी तिन्ही डब्यांत वाकून पाहिलं, पंखे फिरतायत का बघितलं, लाल थेंब बघितले. आम्हाला चांगलं झापलं. शाबासकी वगैरे काही नाही. मग मला म्हणाले, "बाई, चला."

"कुठे?"

"साहेबांकडे. तुमच्याबद्दल बोलणं हाय, तुमी नको?"

साहेब फोनवर होते. चाचांनी फोन संपेपर्यंत वाट पाहिली. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, दांडा साहेबांकडे करून.

"मी नसताना माणूस पाठवलात," चाचा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आता मी हाय. तिन्ही मशिनं बंद करून देतो. पट्ट्या तुमी काढा. पण आधी एक करा. बाई समोर उभ्या हायत. त्यांना सांगा, बाई, तुमी उद्यापासून येऊ नका. तुमच्या तोंडानं सांगा, त्यांच्या तोंडावर. दुसऱ्याला नको सांगायला."

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. इतके महिने त्या माणसाने मला पाहिलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी समजलं. मी मान खाली घातली नाही. का घालू? म्हटलं, "सांगा साहेब. मी ऐकतेय."

साहेब चाचांकडे बघायला लागले, तर चाचांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. सुटका नव्हती. साहेबांनी एक कागद उचलला, तो परत ठेवला. पाण्याचा ग्लास उचलला, तोही परत ठेवला. बाहेर गेटवर कुणीतरी ट्रकचा हॉर्न लांबलचक दाबून धरला होता.

त्यांना सांगता आलं नाही.

चाचांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, खिशात टाकला आणि माझ्याकडे वळले.

"बसा जाऊन जाग्यावर," म्हणाले. "गाडी खोळंबलीय."